साबणाशिवाय

“कुणापेक्षा?” वर्तकबाईंनी विचारलं.

हर्षदाचं पेन कागदावर टेकलेलं, आणि टेकल्या जागी शाईचा ठिपका मोठा होत चाललेला.

“वीकर असं लिहिलंस. बरं. कुणापेक्षा वीकर? दुसऱ्या हातापेक्षा? कालच्यापेक्षा? की शेजारच्या खाटेवरच्या बाईपेक्षा? पुढं ‘दॅन’ कुठाय? नुसतं वीकर लिहून सोडून दिलंस तर वाचणाऱ्या डॉक्टरनं समजायचं काय?”

मी उंबऱ्याशी पाटावर बसून बांगड्यांच्या दोऱ्या सोडवत होते. पुढं आमचं दुकान, मागं घर. मधल्या खोलीत या दोघींची शाळा. संगमनेरच्या पेठेत गजराबाई कासारणीचं दुकान कुठं विचारा, लहान पोर आणून सोडेल. तर माझ्याच घरात, मला न कळणाऱ्या भाषेत, चार दिवस हे ‘वीक वीक’ चाललं होतं.

“अहो बाई,” मी म्हणाले, “आमच्या गावात सगळ्यांनाच वीकनेस आहे. कंपाउंडर विचारत नाही कुणापेक्षा. सरळ सलाईन लावतो.”

“म्हणून तर तुमच्या गावातली माणसं बरी होत नाहीत, गजराबाई.”

वर्तकबाई हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. नवरा गेल्यावरही त्या माझ्याकडून हात भरून घ्यायच्या. त्यावर पेठेतल्या बायका बोलल्या, मी पेठेतल्या बायकांना बोलले, आणि विषय संपला. त्यामुळं माझ्या घरात मला उलट बोलायची मुभा गावात एकट्या त्यांनाच होती.

हर्षदा माझी नात, विलासची मुलगी. नाशकाला मोठ्या दवाखान्यात नर्स होती. परदेशातल्या एका दवाखान्यानं तिला घेतली होती, पण इंग्रजीची परीक्षा पास झाली तर. बोलणं झालं, ऐकणं झालं, वाचणं झालं, लिहिण्यात पोरगी आपटली. लिहायचं काय, तर एका आजारी माणसाची हकीकत देतात आणि त्याला पुढच्या डॉक्टरच्या हवाली करायची चिठ्ठी लिहायला लावतात. रविवारी मुंबईत पुन्हा परीक्षा होती. या खेपेला गेली तर जागा दुसरीला. नाशकाची नोकरी तर ती सोडूनच आली होती.

“मला कळत नाही,” वर्तकबाई कागद खाली ठेवत म्हणाल्या. “ताप लिहितेस, जखम लिहितेस, साखर, रक्तदाब, सगळं बिनचूक. अशक्तपणाची तुलना आली की पेन थांबतं. आणि घाईत लिहिलंस तर मोअर वीकर. वीकर म्हणजेच जास्त वीक. त्याला आणखी मोअर कशाला? साडीवर साडी नेसतेस का?”

“नाही बाई.”

“किंचित असेल तर स्लाइटली वीकर. पुष्कळ असेल तर मच वीकर. होता तेवढाच असेल तर ॲज वीक ॲज. तीन गोष्टी. कुणापेक्षा, कधीपेक्षा, किती. एवढं लिहिलं नाहीस तर हवाली काय केलंस?”

आणि नेमकी तेव्हाच माझ्या उजव्या हातातून दोरी सुटली. बांगड्या पाटावरून फरशीवर घरंगळल्या. दोन पिचल्या.

हर्षदाची मान वर झाली. चार दिवस कागदावर न ठरलेली नजर माझ्या हातावर येऊन ठरली.

“मांजर होतं,” मी म्हणाले.

आमच्या घरात मांजर नव्हतं.

संक्रांतीपासून माझा उजवा अंगठा मला जुमानत नव्हता. बांगडी भरायची म्हणजे काय, हे कासाराच्या घरात नांदल्याशिवाय कळत नाही. गिऱ्हाइकाचा हात आपल्या उजव्या पंजात घ्यायचा, बोटं एकत्र, अंगठा तळव्यात दुमडलेला, आणि आपल्या अंगठ्यानं त्या हाताची हाडं अशी दाबून धरायची की हात बोळ्यासारखा मऊ होतो. मग डाव्या हातानं बांगडी सरकवायची. सगळा खेळ दाबणाऱ्या अंगठ्याचा. मापाची बांगडी अशी भरली पाहिजे की पुन्हा आपोआप निघता कामा नये. ढगळ भरेल ती कासारीण नाही. आणि साबण लावून भरेल तीही नाही. माझी सून निर्मला साबणाची वाटी घेऊन बसायची. मी तिला गिऱ्हाइकांदेखत म्हणायचे, बांगड्या भरतेस की भांडी घासतेस.

तो अंगठा गेला. संक्रांतीनंतर अवघड हात आला की मी निर्मलाला म्हणायचे, “ये, शिक जरा.” ती बिचारी खूश व्हायची, सासूनं शेवटी विद्या दिली म्हणून. बांगडी पिचली की मी गिऱ्हाइकाच्या हाताला नावं ठेवायचे. कुणाला संशय नव्हता. पण हर्षदा नर्स होती, आणि लहानपणापासून माझ्या मांडीशी बसून तिनं हेच हात बघितले होते.

तिला कळता कामा नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं. दोन वर्षांपूर्वी विलासचं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा अशीच एक बाहेरची जागा तिनं सोडली होती. विलास महिन्यात उठून यात्रांना माल घेऊन हिंडायला लागला, आणि त्या जागेवर दुसरी कुणी जाऊन बसली. मी तिला तेव्हाच म्हणाले होते, तुझ्या बापाला टाके डॉक्टरनं घातले, तू नुसती रडायला थांबलीस. ते तिला लागलं होतं. लागावं म्हणूनच बोलले होते.

शुक्रवारी दुपारी दुकानात सामसूम होती. निर्मला हिशेबाला बसली होती, विलास मालाला गेलेला. हर्षदा आतून आली आणि माझ्यासमोर गिऱ्हाईक बसतं तशी मांडी घालून बसली. हात पुढं केला.

“आजी, हात भर.”

निर्मलाच्या चेहऱ्यावर ऊन पडलं. पोरीनं नर्सिंगला गेल्यापासून काचेची बांगडी घातली नव्हती. ड्यूटीवर चालत नाही म्हणायची. कासाराच्या घरात भुंडे हात, म्हणून मी तिला किती बोलले असेन.

“आज बरी आठवण झाली,” मी म्हणाले.

“परीक्षेला जाताना आजीच्या हातच्या असाव्यात.”

“आईच्या हातच्या घे. ती शिकलीय आता.”

“तुझ्याच.”

मी तिच्याकडं बघितलं. ती हसत नव्हती. हात तसाच पुढं, पंजा वर. मला समजलं हा हात बांगड्यांसाठी आलेला नाही.

“कुठल्या?”

“जांभळ्या. मापाच्या. ढगळ नको.”

निर्मलानं लगबगीनं साबणाची वाटी आणून माझ्याजवळ ठेवली. मी ती पायानं लांब सारली. दोरीतून जांभळ्या काढल्या. माप विचारावं लागलं नाही, हात दिसला की माप कळतं. एक माप मोठं उचललं असतं तर आपोआप गेल्या असत्या. माझं बोट त्या दोरीपर्यंत गेलंही होतं. हर्षदा त्या बोटाकडं बघत होती. मी बोट मागं घेतलं आणि मापाचीच दोरी सोडली.

तिचा हात माझ्या पंजात आला. मी दाबला. आत काहीच झालं नाही. म्हणजे माझा अंगठा दाबतोय असं मला वाटत होतं, पण तिची हाडं जागची हलली नाहीत. कपाळाला घाम आला. मी बांगडी लावली, रेटली. ती अंगठ्याच्या हाडाशी येऊन अडकली.

आणि मग अचानक सरकली. गेली आत.

दुसरी घेतली. तीही गेली. निर्मला म्हणाली, “हात अजून तोच आहे हो आई तुमचा.” तिसरी लावताना मला कळलं. पोरगी आपला अंगठा आपणच आत मोडून धरत होती. ओठ दाताखाली धरून, मनगटाच्या शिरा ताठ होईपर्यंत. दाबायचं काम माझं, आणि करत ती होती.

“हात सैल सोड,” मी म्हणाले.

“सैलच आहे.”

“हर्षे, मी कासारीण आहे. गिऱ्हाइकाची मदत घेऊन मी बांगडी भरत नाही. सोड हात.”

तिनं माझ्याकडं बघितलं, आणि हात सोडला. हात माझ्या पंजात ओल्या फडक्यासारखा पडला. मी दाबला. खांद्यापासून जोर लावला, दात खाल्ले, बांगडी रेटली.

पिचली.

काचेची कड तिच्या हाताच्या पाठीत गेली. रक्ताचा थेंब आला, मोठा झाला आणि घरंगळून पाटावर पडला. निर्मला उठायला लागली तशी हर्षदानं तिला मानेनं बसवलं. स्वतःच्या हाताकडं तिनं बघितलंच नाही. माझा उजवा हात उलटा केला, अंगठ्याखालचा उंचवटा चाचपला, मग माझा डावा हात शेजारी धरला.

“कधीपासून?”

“काय कधीपासून?”

“इथलं मांस गेलंय, आजी. खड्डा पडलाय. दोन्ही हात शेजारी धरून बघ.”

“म्हातारपणी खड्डे पडतात.”

“एकाच हाताला? रात्री मुंग्या येतात?”

“घरभर मुंग्या आहेत. तुझी आई साखरेचा डबा उघडा ठेवते.”

माझा हात तिच्या हातात, तिच्या हाताचं रक्त माझ्या बोटांना लागलेलं.

“मी जात नाही,” ती म्हणाली.

निर्मला हिशेबाची पेन्सिल हातात धरून तशीच राहिली.

“राहा,” मी म्हणाले. “कुणी अडवलंय? राहून काय करशील?”

“तुझ्याकडं बघीन.”

“बघून अंगठा वळतो का?”

“मग कोण करणार? बाबा यात्रांना. आई तुला घाबरते. डॉक्टरसमोर नेलं तर तू खरं सांगणार आहेस? तू मांजर सांगशील.”

निर्मलाला काही कळलं नाही, पण मला कळलं. मी डोळे वटारले. मी डोळे वटारले की घरातली माणसं घाबरतात, हर्षदा घाबरली नाही.

“मागच्या खेपेला पेपरात कोण होतं माहितीय?” ती हळू बोलायला लागली. “सत्तरीची बाई. उजवा हात. हातातून वस्तू पडतात. बाकी सगळी माहिती दिलेली, मी फक्त नीट लावून लिहायची होती. आणि मला संक्रांत दिसायला लागली. तू बायकांचे हात भरत होतीस आणि तिळगुळाची वाटी तुझ्या हातून पडली होती. तू वाटीला शिव्या दिल्यास. कुणापेक्षा वीक, कधीपासून, किती, हे त्या बाईचं कागदावर होतं. तुझं मला काहीच माहीत नव्हतं. पेन पुढं जाईना. वेळ संपला.”

म्हणजे पोरीला इंग्रजी येत नव्हतं असं नव्हतंच. चार दिवस वर्तकबाई शाईचा ठिपका बघत होत्या आणि मी पाटावर बसून थट्टा करत होते, आणि तो ठिपका माझा होता.

मी हात सोडवून घेतला. पदरानं तिच्या हातावरचं रक्त पुसलं.

“कागद आण,” मी म्हणाले.

“कशाला?”

“ती पेपरातली बाई मी. विचार काय विचारायचं ते. खरं सांगते. माझी चिठ्ठी लिही, तुमच्या त्या भाषेत, वर्तकबाईंना हवी तशी. ती वाचून परका डॉक्टर तुला एक शब्द न विचारता माझा हात नेमका धरू शकला, तर तू जायचं. नाही जमलं तर राहा घरी. मग तू नर्स नाहीस, नुसती नात आहेस. आणि नाती मला शेजारच्या पण पुरतात.”

“आई,” निर्मला म्हणाली, “काय बोलता.”

“तू गप्प बस. आणि उंबऱ्यात बस. गिऱ्हाईक आलं तर दुकान बंद आहे म्हण.”

त्या दुकानात दिवसाढवळ्या ‘बंद आहे’ हा शब्द माझ्या तोंडून पहिल्यांदाच आला. हर्षदा आत गेली, हाताला पट्टी लावून कागद घेऊन आली. आता ती माझ्यासमोर बसली ती नातीसारखी नाही. पाठ ताठ, आवाज सपाट. दवाखान्यात अशीच बसत असेल.

“उजवा हात कुणापेक्षा वीक आहे?”

“डाव्यापेक्षा.”

“किती?”

“डाव्या हातानं मी अजून तुझ्या आईची वेणी धरून बसवीन. उजव्यानं लोणच्याच्या बरणीचं झाकण निघत नाही.”

तिनं लिहिलं. लिहिताना पुटपुटली, मच वीकर दॅन. दॅन लिहिताना पेन थांबलं नाही.

“कधीपेक्षा जास्त?”

“संक्रांतीपेक्षा. संक्रांतीला अवघड हात जमायचे, थोडा वेळ लागायचा. शिमग्याला जमेनासे झाले. आता सोपेही जमत नाहीत.”

“हात की नुसता अंगठा?”

“अंगठा. करंगळी शहाणी आहे.”

“गेल्या आठवड्यापेक्षा?”

मी विचार केला. इतके महिने मी खोटंच एवढं बोलले होते की खरं शोधायला वेळ लागला. “गेल्या आठवड्याएवढाच. कमी नाही, जास्त नाही.”

“ॲज वीक ॲज,” ती म्हणाली आणि लिहिलं. “मुंग्या?”

“येतात. पहाटे. हात झटकला की जातात.” आणि मग, निर्मलाची पाठ आमच्याकडं होती म्हणून, मी म्हणाले, “भीती वाटते. ते पण लिहायचं का?”

पेन क्षणभर थांबलं. “लिहायचं,” ती म्हणाली, आणि लिहिलं.

संध्याकाळी वर्तकबाई आल्या. कागद हातात घेतला, चष्मा पुसला, वाचला. पुन्हा वाचला. लाल पेननं एके ठिकाणी काहीतरी खोडलं, एवढंच. मग त्यांनी मान वर केली आणि नातीकडं न बघता माझ्याकडं बघितलं. माझ्या उजव्या हाताकडं. तो मी पदराखाली घेतला होता.

“डॉक्टरला कळेल का यातून?” मी विचारलं.

“मला कळलं, गजराबाई,” त्या म्हणाल्या. “आणि मी तर नुसती शाळेतली बाई.”

त्या दिवशी त्यांनी चहा घेतला नाही. निघताना दारात थांबून, माझा पदराखालचा हात बाहेर काढून आपल्या हातात थोडा वेळ धरला, आणि गेल्या.

रविवारी हर्षदा मुंबईला परीक्षेला गेली. सोमवारी मी निर्मलाला घेऊन नाशकाला गेले. हर्षदा बरोबर यायला तयार होती. मी म्हणाले, अट विसरलीस का? डॉक्टर तरुण होता. कागद वाचला, आणि माझं नाव विचारून सरळ माझं मनगट धरलं, आतल्या बाजूनं, नेमकं जिथून अंगठ्यापर्यंत कळ जायची तिथं. बोटानं टिचकी मारली. मी खुर्चीवरून ताडकन उठले. निर्मला सांगायला तोंड उघडत होती, तिला सांगायला काही उरलंच नव्हतं. मनगटात शीर दबली होती. लोकांच्या मनगटांवर जन्म काढला आणि दुखणंही तिथंच निघालं. आणखी थांबला असतात तर अंगठा पुरता गेला असता, आता आहे तेवढा राहील, डॉक्टर म्हणाला. लहानसं ऑपरेशन झालं. आहे तेवढा राहिला.

हर्षदा पास झाली. पुढचे कागद, तिकीट, यात पावसाळा गेला. तेवढे दिवस ती घरीच होती आणि त्या दोन जांभळ्या बांगड्या तिच्या हातात होत्या. मी रोज दुपारी दुकान सामसूम झालं की डाव्या पंजात निर्मलाचा हात दाबून बघायचे. ती ओरडायची नाही, सवय होती.

निघायच्या दिवशी विलासनं गाडी दारात आणून उभी केली. बॅगा चढल्या. हर्षदा चप्पल घालता घालता आईला म्हणाली, “बांगड्या तिकडं गेल्यावर वाढवीन. कोपरापर्यंत हात मोकळा लागतो ड्यूटीवर.”

“वाढवशील म्हणजे? परक्या मुलखात काच पिचवशील?” मी म्हणाले. “बस इथं.”

“आजी, गाडी थांबलीय.”

“गाडीला पाय नाहीत, ती थांबेल. बस.”

ती बसली, चपलेसकट. भरण्यापेक्षा उतरवणं अवघड. त्यातून पावसाळाभर आईच्या हातचं खाऊन पोरगी भरली होती. मी तिचा हात डाव्या पंजात घेतला, दाबला. हाडं हलली. पण बांगडी अंगठ्याच्या मुळाशी आली आणि बसली. मी फिरवली, ओढली. बसलेलीच. बाहेर विलासनं हॉर्न दिला. जुन्या जखमेची पांढरी रेघ बांगडीच्या बरोबर खाली होती. आणखी ओढली असती तर तिथंच फुटली असती.

“राहू दे, आजी,” हर्षदा हळूच म्हणाली. “मी बघीन तिकडं.”

मी हात सोडला नाही.

“निर्मले,” मी म्हणाले, “साबण आण.”

निर्मला जागची हलली नाही. तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

“साबण. वाटी. भांडी घासायची आहेत का विचारू नकोस, आण.”

निर्मलानं वाटी आणली. मी स्वतःच्या हातानं फेस केला, पोरीच्या हाताला लावला, मनगटापासून बोटांपर्यंत. डाव्या अंगठ्यानं दाबलं. पहिली आली, अख्खी. दुसरी आली, तीही अख्खी. पाटावर ठेवली तेव्हा दोन्ही एकमेकींना लागून वाजल्या.

गिऱ्हाईक हात भरून झाल्यावर कासारणीच्या पाया पडतं, तशी हर्षदा वाकली. उठताना माझा उजवा अंगठा तिनं हलकेच दाबून बघितला, नर्ससारखा.

“कसाय?”

“डाव्यापेक्षा वीक,” मी म्हणाले. “संक्रांतीपेक्षा वीक. गेल्या महिन्याएवढाच. आता जा.”

ती गेली. तिच्या हातावर फेस तसाच होता. पुसायला वेळ मिळाला नाही.